होडीवरचा बंब आणि मी केलेलं भाषांतर

पिंपरीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो तेव्हा मी पंचविशीत होतो. सातारा जिल्ह्यातून आलेला, मॅट्रिक पास. आमच्या खात्यातल्या फिटरांमध्ये मॅट्रिक झालेला मी एकटाच होतो आणि ही गोष्ट कुणी विसरणार नाही याची मी काळजी घेत असे. साहेबलोकांशी इंग्रजीत बोलायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघायचे. मला ते बघणं फार आवडायचं.

पन्नासच्या दशकाचा मधला काळ होता तो. कारखान्याची यंत्रं बसवायला विलायतेहून एक साहेब आले होते. उंच, भुऱ्या मिशांचे, आवाज कधीही न चढवणारे. त्यांना पाण्याचं वेड होतं. दापोडीच्या रेल्वे पुलाच्या वरच्या अंगाला मुळेचं पात्र रुंद आणि संथ आहे, तिथे त्यांनी स्वतःची शिडाची होडी ठेवली होती. मुंबईहून ट्रकवर घालून आणलेली. रविवारी साहेब आणि मडम शीड उभारून निघाले की काठावर म्हशी धुणारी माणसं हात थांबवून बघत राहायची.

होडीच्या पोटात एक बुटकी खोली होती. दोन बाकं, एक शेगडी, आणि कपाटाएवढ्या न्हाणीत भिंतीला टांगलेला पाण्याचा बंब. आपल्या बंबात कोळसा घालतात. या बंबाला लोखंडी बाटलीतून, तांब्याच्या नळीनं गॅस यायचा. काडी लावली की दोन मिनिटांत नळाला कढत पाणी. आमच्यापैकी कुणी तोवर गॅसवर उकळलेला चहासुद्धा पाहिला नव्हता.

हा बंब जुना झाला होता. पत्रा गंजला होता, निळी ज्योत पिवळी पडून काजळी धरू लागली होती. साहेबांनी विलायतेहून नवा मागवला. पेंढ्यात गुंडाळलेला तो बंब लाकडी खोक्यातून आला, तेव्हा त्यांनी आमच्या खात्यात येऊन विचारलं, “गॅसचं काम कुणाला येतं?”

मला येत नव्हतं. मी वाफेच्या नळ्यांवर काम करत होतो. पण प्रश्न इंग्रजीत होता आणि तो सगळ्यांत आधी मला कळला. मी हात वर केला.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता चाचांच्या दुकानात गेलो.

चाचा म्हणजे आम्ही राहायचो त्या कासारवाडीतले एक वयस्कर मुसलमान कारागीर. साठीचे असतील. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. सार्वजनिक नळाशेजारी त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. स्टोव्ह, गॅसबत्त्या, पाण्याचे पंप, जे काही दाबानं चालतं आणि गळतं, ते सगळं त्यांच्याकडे यायचं. आमच्या कारखान्याच्या कँटीनचे मोठे रॉकेलचे स्टोव्हही तेच दुरुस्त करायचे. त्यासाठी त्यांना फाटकाचा पास होता. तो ते सदऱ्याच्या खिशात, चष्म्याच्या डबीबरोबर ठेवायचे.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “तुला येतंय का ह्यातलं काय?”

“थोडंफार.”

“म्हंजे न्हाई,” ते म्हणाले आणि हसले. “चल, बघू तरी साहेबाची चूल.”

चार दिवस आम्ही त्या होडीत काम केलं. म्हणजे त्यांनी केलं आणि मी त्यांना हत्यारं दिली. साहेब त्या आठवड्यात मुंबईला गेले होते, त्यामुळे बघायला कुणी नव्हतं. जुन्या नळीचे आटे नव्या बंबाला बसेनात. चाचांनी दुकानात बसून पितळेचा एक जोड कातून काढला. तो त्यांनी दोन बोटांत धरून उजेडाकडे केला, आटे बघितले, पुन्हा कातला. झाळ द्यायचं काम त्यांनी अशा काही निगुतीनं केलं की नळीवर वितळलेल्या कथलाचा एक थेंबसुद्धा ओघळला नाही. मी असं काम आयुष्यात केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही मला ते कधी जमलं नाही.

शुक्रवारी दुपारी एकच जोड राहिला होता. बाटलीकडून येणारी नळी बंबाला खालून मिळायची, तो. चाचांना जुम्म्याच्या नमाजाला जायचं होतं. त्यांनी माझ्या तळहातावर शिशाची एक नवी चकती ठेवली.

“रबराचा जुना वायसर काढून टाक. हा बसव. मग साबणाचं पाणी लावून बघ. बुडबुडा आला तर काडी लावायची न्हाई, मला बोलवायचं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो म्हणं. होडीला खाली भोक न्हाई, तो जाणार कुटं? तळात साठंल.”

“हो चाचा.”

ते काठावरून चालत गेले. मी आडवा होऊन हात आत घातला, आणि चकती बोटांतून निसटली. होडीच्या तळाशी फळ्यांखाली वीतभर काळं पाणी होतं, त्यात ती गेली. मी अर्धा तास चाचपडत राहिलो. सापडली नाही. कासारवाडीला जाऊन दुसरी आणायला सायकलवर तासभर पुरला असता. पण साहेब संध्याकाळी परत यायचे होते, आणि त्यांना तयार बंब दाखवायचा असं माझ्या मनानं घेतलं होतं. शिवाय चाचा पुन्हा आले असते तर साहेबांनी त्यांना बघितलं असतं.

हे शेवटचं कारण मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आज सांगतो.

मी तोच जुना, कडक झालेला रबरी वायसर परत बसवला आणि पान्यानं जोर लावून आवळला. साबणाचं पाणी लावलं. एक बारीक बुडबुडा हळूहळू फुगला. मी आणखी आवळलं. बुडबुडा थांबला. किंवा थांबल्यासारखा वाटला, आणि मी दुसरीकडे बघितलं.

संध्याकाळी साहेब आले. नळ सोडला, वाफाळतं पाणी हातावर घेतलं आणि लहान मुलासारखे खूश झाले. मग वाकून त्यांनी पितळी जोडावरून अंगठा फिरवला.

“हे सुंदर आहे. हे कुणी केलं?”

“मीच, सर.”

सोमवारी त्यांनी आमच्या खात्याच्या प्रमुखापाशी माझं नाव मुकादमाच्या जागेसाठी सुचवलं. मी बायकोसाठी पेढे घेऊन गेलो. चाचांनाही दोन दिले. त्यांनी विचारलं, “साहेब खूश?” मी म्हटलं, “खूप.” ते म्हणाले, “मग झालं तर.”

तिसऱ्या रविवारी मडमनी बंब पेटवायला काडी ओढली आणि होडीच्या तळातून आग वर आली.

स्फोट म्हणावा असा तो नव्हता. काठावरचे लोक नंतर सांगत होते की मोठ्यानं फुंकर मारल्यासारखा आवाज झाला आणि खिडक्यांतून उजेड आला. मडमचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले, भुवया आणि पुढचे केस जळाले. साहेबांनी त्यांना उचलून पाण्यात उडी मारली म्हणून त्या वाचल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. रात्रभर इस्पितळात बसून आल्यामुळे त्यांची दाढी वाढली होती. आवाज नेहमीसारखाच होता.

“त्या बंबाचे सगळे जोड तू स्वतः केलेस?”

मी म्हणालो, “नाही सर. गॅसचे जोड बाजारातल्या एका मिस्त्रीनं केले. म्हातारा आहे. मला वाटलं, त्याला अनुभव आहे.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. दोन-अडीच आठवड्यांपूर्वी मी “मीच” म्हणालो होतो, ते त्यांना आठवलं असणारच. पण “त्याला होडीवर घेऊन ये,” एवढंच म्हणाले.

चाचांना मी एवढंच सांगितलं की होडीवर आग लागली आणि साहेब विचारपूस करणार आहेत. ते ताबडतोब दुकान बंद करून निघाले. वाटेत त्यांनी दोनदा विचारलं, “बाई कशी हाय?”

होडीच्या आत सगळं काळं झालं होतं आणि ओल्या राखेचा वास येत होता. साहेब दारात उभे राहिले. चाचा गुडघ्यांवर बसले, चष्मा लावला आणि एकेक जोड बघत खाली आले. शेवटचा नट त्यांनी बोटांनी नुसता फिरवला तरी फिरला. त्यातून त्यांनी जळून चिकट झालेला रबराचा तुकडा नखानं उकरून काढला.

ते माझ्याकडे वळले नाहीत. सरळ साहेबांकडे बघून, तो तुकडा पुढे धरून, मराठीत बोलले. “साहेब, हे माझं काम न्हाई. मी शिशाचा वायसर दिला होता. ह्या पोराला सांगितलं होतं रबर काढून टाक म्हणून, साबण लावून बघ म्हणून. त्यानं ते केलं न्हाई. बाकीचे जोड बघा, आगीतबी हललं न्हाईत.”

साहेबांना मराठीचे दहा शब्दही येत नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “काय म्हणतोय तो?”

मी आजवर अनेकदा मनात हिशोब केला आहे की तो क्षण किती लांब होता. माझ्या आठवणीत तो खूप लांब आहे. प्रत्यक्षात मी एक श्वास घेतला असेल. मग मी माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत, नीट, व्याकरण सांभाळून म्हणालो, “सर, तो म्हणतो, त्याला फार वाईट वाटतं. तो म्हातारा आहे आणि त्याचे डोळे कमजोर झालेत. त्यानं चुकून जुना वायसर बसवला.”

साहेबांचा चेहरा बदलला. राग गेला. ते वाकले आणि चाचांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “ऑल राइट. ऑल राइट.”

हे दोन शब्द चाचांना येत होते. त्यांनी हात जोडले. साहेबांनीही जोडले. एकाला वाटलं आपलं खरं पटलं, दुसऱ्याला वाटलं आपण माफ केलं. मध्ये मी उभा होतो.

परत येताना पायवाटेनं चाचांनी हातांची काजळी गवताला पुसली. मग म्हणाले, “तू खरं सांगितलंस, बरं केलंस. मला वाटलं हुतं तू भ्याशील. तुझ्यावर राग हाय माझा, त्या बाईचे हात जळले. पण माणूस खरं बोलला की आर्धं वझं उतरतं.”

मी सायकल हातात धरून त्यांच्या शेजारून चालत होतो. मी “हो चाचा” म्हणालो.

आठ दिवसांनी फाटकावर त्यांचा पास काढून घेतला. हुकूम साहेबांचाच होता आणि त्यात कसलाही सूड नव्हता. ज्याला नीट दिसत नाही त्यानं आगीची कामं करू नयेत, त्याच्या आणि इतरांच्याही भल्यासाठी, असं त्यात लिहिलं होतं. त्याच कागदावर आणखी एक ओळ होती. कारखान्याच्या डॉक्टरांनी या माणसाला पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवावं, अशी साहेबांच्या पत्नीची इच्छा आहे.

तो इंग्रजी कागद चाचांना वाचून दाखवायलाही मलाच बोलावलं. मी फक्त दुसरी ओळ वाचली.

“माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?” चाचा म्हणाले.

“साहेब खूश आहेत तुमच्यावर. वयस्कर माणसाची काळजी म्हणून करतात ते लोक.”

“आनि पास?”

“पासाचं वेगळं आहे. सगळ्यांचेच नवे करायचे आहेत.”

चाचांना ते पटलं नसावं. पण जखमी बाईनं अंथरुणातून आपली चौकशी केली, हे त्यांच्या मनाला फार भिडलं. तिला नाही म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून ते पुण्याला गेले. धुतलेला सदरा घालून, फेटा बांधून गेले. मी त्यांना कासारवाडी स्टेशनकडे जाताना पाहिलं आणि एका झाडामागे थांबलो.

आणखी दोन दिवसांनी साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर डॉक्टरांची चिठ्ठी होती. ती त्यांनी माझ्याकडे फिरवली. म्हाताऱ्याला बारीक कामासाठी चष्मा लागतो, तो त्याच्याकडे आहे आणि बरोबर आहे. त्या वयाला इतके चांगले डोळे मी क्वचित पाहिले, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं.

साहेब म्हणाले, “त्या दिवशी होडीवर तो बराच वेळ बोलला. तू तीन वाक्यं सांगितलीस. त्यानं रबर माझ्यापुढे धरलं होतं. माफी मागणारा माणूस असं धरत नाही, हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. तो काय म्हणाला?”

मी सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द. शिशाची चकती कशी पडली तेही सांगितलं. माझं इंग्रजी त्या दिवशी अडखळत होतं, काळ चुकत होते. साहेबांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता नोकरी गेली. जावी असंच वाटत होतं.

ते उठले, टोपी घेतली. “चल. त्याच्याकडे. मला त्याला काही सांगायचं आहे आणि तू भाषांतर करणार आहेस.”

भर दुपारी साहेबांची गाडी चाचांच्या दुकानापुढे थांबली. नळावर पाण्याला आलेल्या बायका बाजूला झाल्या. त्यांत माझी बायकोही होती, कळशी कडेवर घेऊन. चाचा स्टोव्हला पंप मारत होते, ते उठून उभे राहिले.

साहेब एकेक वाक्य बोलत आणि थांबत. मी ते मराठीत सांगायचो. “साहेब म्हणतात, त्यांची चूक झाली. साहेब म्हणतात, त्यांना खोटं सांगितलं गेलं.” तिथे मी थांबलो. साहेबांनी ते वाक्य पुन्हा उच्चारलं, जरा मोठ्यानं. तेव्हा मी म्हणालो, “साहेब म्हणतात, त्यांना मी खोटं सांगितलं.”

चाचांनी विचारलं, “म्हंजे? होडीवर तू काय सांगितलंस?”

“तुम्ही माफी मागता म्हणून.”

“शब्द सांग. माझ्या तोंडी काय घातलंस ते सांग.”

मी सांगितले. म्हातारा आहे. डोळे कमजोर झालेत. चुकून बसवला.

चाचांनी चष्मा काढला आणि बराच वेळ सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. नळ तसाच वाहत होता, कुणी बंद केला नाही. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, “चुकला म्हणाला असतास, हात थरथरतो म्हणाला असतास, तर सोसलं असतं. डोळ्यांचं का बोललास रं? मी डोळ्यांवर जगतो.”

साहेबांनी विचारलं, “काय म्हणतो तो?” मी तेही सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

मग चाचा साहेबांकडे वळले. बाईचे हात कसे आहेत, बोटं वळतात का, एवढं त्यांनी विचारलं. वळतात, हळूहळू, असं साहेब म्हणाले. चाचा म्हणाले, होडीतलं काम पुन्हा करावं लागेल, सगळी नळी बदलून, ते मी करीन. या वेळी बाटली आत ठेवायची नाही, बाहेर उघड्यावर ठेवायची. “आनि हे तिथं येणार न्हाईत,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले. हेही मीच साहेबांना सांगितलं.

ते काम त्यांनी पुढच्या पंधरवड्यात केलं. साहेब स्वतः त्यांच्या शेजारी बसून हत्यारं देत होते, असं काठावरच्या लोकांकडून कळलं. दोघं खुणांनी बोलत होते आणि कुणाचं काही अडत नव्हतं. पास परत मिळाला. मुकादमाची जागा दुसऱ्याला गेली. मला साहेबांनी कामावरून काढलं नाही. का नाही काढलं, ते मी विचारलं नाही. तेही परत कधी माझ्याशी कामापलीकडे एक वाक्य बोलले नाहीत. वर्षभरानं ते विलायतेला परत गेले.

साहेबांची गाडी चाचांच्या दुकानापुढे थांबली त्या दिवशी मी घरी आलो, तेव्हा बायको पाठमोरी बसून भाकरी थापत होती. ती फक्त एवढंच म्हणाली, “मला रोज तिथं पाण्याला जावं लागतं. तुम्ही निदान कारखान्यात जाता.” मग जेवायला वाढलं.

चाचांनी माझ्याशी भांडण धरलं नाही. धरलं असतं तर बरं झालं असतं. रस्त्यात भेटले की मान हलवायचे. पूर्वी तू म्हणायचे, आता “तुमी” म्हणू लागले, परक्या माणसाला म्हणावं तसं. एकदा धीर करून मी दुकानात गेलो आणि म्हणालो, “चाचा, मला माफ करा.” त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, “काय दुरुस्त करायचं हाय तुमचं?”

“काही नाही.”

“मग बसा जरा. गिऱ्हाईक गेलं की बोलू.”

मी बसलो. गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं, तिसरं आलं. अंधार पडायला लागला तसा मी उठलो. त्यांनी मान वर केली नाही. त्यांना दिसलं नसेल, असं म्हणण्याची सोय मला नव्हती.

पुढे कंपनीचा क्वार्टर मिळाला आणि आम्ही कासारवाडी सोडली. मुलांना मी त्या होडीची गोष्ट अनेकदा सांगितली. आग, पाण्यात मारलेली उडी, सगळं रंगवून. मुलं विचारायची, “मग तुम्ही काय केलंत?” मी म्हणायचो, “मी भाषांतर केलं.” त्यांना त्याचं कौतुक वाटायचं, आणि मी ते वाटू द्यायचो.